स्वतःचेच काम इंग्रजीत सांगताना जीभ का अडखळते?

काम उत्तम येते, पण त्याबद्दल कोणी इंग्रजीत विचारले की दोन वाक्यांपुढे गाडी सरकत नाही, ही तक्रार घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये फिटर असतात, शिक्षिका असतात आणि बँकेतले कर्मचारीही असतात. त्यांपैकी मिरजेतील एका खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकेची हकिगत येथे देत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. जीएनएम ही परिचर्येची पदविका घेतल्यानंतरची त्यांची बरीचशी सेवा अतिदक्षता विभागात झाली होती आणि इंग्लंडमध्ये नोकरी मिळावी म्हणून त्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करत होत्या. वाचन आणि श्रवण यांत त्यांना फारशी अडचण नव्हती. बोलण्याच्या सराव परीक्षेत मात्र ‘व्हॉट डू यू डू?’ या साध्या प्रश्नाला त्या आधी गप्प होत आणि मग पाठ केलेला उतारा एका दमात म्हणून टाकत.

“सर, आम्ही मराठी शाळेतले. पाचवीत एबीसीडी गिरवली. आता पस्तिशीत इंग्रजी कुठून येणार?” असे त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले. हे गाऱ्हाणे निराधार नव्हते, कारण महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले आणि तोवर त्यांचे पहिलीचे वर्ष मागे पडले होते. तरीही उशिरा झालेली सुरुवात हेच कारण असते, तर वाचनातही त्या तितक्याच अडखळल्या असत्या. म्हणून परीक्षेचा विषय बाजूला ठेवून, रात्रपाळी संपताना सकाळच्या सिस्टरांना रुग्ण कसा सोपवता, एवढेच मी त्यांना विचारले. क्षणभरही न थांबता त्या म्हणाल्या, “बेड फोर, पोस्ट-ऑप डे टू, व्हायटल्स स्टेबल, युरिन आउटपुट पहाटेपासून कमी, डॉक्टरांना इन्फॉर्म केलंय, अँटिबायोटिक दहाला ड्यू.”

हे बोलणे मी कागदावर उतरवले आणि त्याच्या शेजारी त्यांचा पाठ केलेला उतारा मांडला. ‘नर्सिंग इज अ नोबल प्रोफेशन’ येथून सुरू होणाऱ्या त्या उताऱ्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या, सेवाभाव होता आणि त्याग होता. नव्हत्या त्या फक्त या सिस्टर. कोणत्याही महाविद्यालयातील कोणत्याही मुलीने म्हणावा असा तो मजकूर होता, त्यामुळे परीक्षकाने ‘मग रात्रपाळीत नेमके काय करावे लागते?’ असा साधा उपप्रश्न केला की पाठांतर संपे आणि पायाखालचा आधारच जाई. पाठ केलेले उत्तर परीक्षकाला ओळखू येते, हा भाग वेगळाच.

त्यानंतरचे काम तसे सरळ होते. कागदावरच्या त्या तुटक टिपणांना कर्ता आणि क्रियापद जोडत गेल्यावर ‘आय लुक आफ्टर पेशंट्स आफ्टर मेजर सर्जरी’, ‘आय चेक देअर ब्लड प्रेशर एव्हरी अवर’, ‘इफ द युरिन आउटपुट ड्रॉप्स, आय इन्फॉर्म द डॉक्टर’ अशी वाक्ये तयार झाली. रोजचे काम सांगायला साधा वर्तमानकाळ पुरतो, हे त्यांच्या लक्षात आले. चुका होत्या त्याही आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या. ‘आय अ‍ॅम डुइंग जॉब इन हॉस्पिटल’ ऐवजी ‘आय वर्क इन अ हॉस्पिटल’ आणि ‘आय अ‍ॅम हॅविंग एक्स्पीरियन्स’ ऐवजी ‘आय हॅव एक्स्पीरियन्स’ हे बदल लवकर रुळले. ‘दहा वर्षांपासून काम करते’ हे मात्र त्यांच्या तोंडी ‘आय अ‍ॅम वर्किंग सिन्स टेन इयर्स’ असेच येत राहिले. ते ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टेन इयर्स’ असे वळायला बरेच दिवस लागले.

व्याकरणापेक्षा जास्त वेळ खाल्ला तो एका वेगळ्याच गोष्टीने. मराठीत असो वा इंग्रजीत, आपल्या कामाची ओळख करून देताना त्या ‘मी फक्त स्टाफ नर्स आहे’ अशीच सुरुवात करत आणि आवाज खाली जाई. रात्रपाळीवरून नातेवाइकांनी मारलेले टोमणे, लग्नाच्या वेळी ‘नर्सच ना?’ म्हणून मोडलेली बोलणी, असे बरेच काही त्या शब्दामागे साचले होते आणि त्यावर आम्ही मराठीतच बोललो, कारण हे दुखणे इंग्रजीचे नव्हतेच. परीक्षेपुरते सांगायचे तर तेथे पदाची प्रतिष्ठा तोलली जात नाही. बोलण्याची चाचणी ११ ते १४ मिनिटांची असते. तिच्या ४ ते ५ मिनिटांच्या पहिल्या भागात घर, शिक्षण, काम अशा ओळखीच्या विषयांवर प्रश्न येतात आणि ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार या चारच निकषांवर गुण दिले जातात.

सरावासाठी त्यांना क्लास बदलण्याची गरज नव्हती. त्यांच्याच वॉर्डात केरळहून आलेल्या एक सिस्टर होत्या आणि दोघी एकमेकींशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत असत. चहाच्या वेळेपुरते ते बोलणे इंग्रजीत करावे, त्या दिवशीच्या एखाद्या रुग्णाबद्दल नाव न घेता सांगावे, आणि समोरच्या सिस्टरांनी मध्येच ‘व्हाय?’ किंवा ‘देन व्हॉट डिड यू डू?’ असे विचारावे, एवढेच ठरवले. मध्येच प्रश्न येणे महत्त्वाचे होते, कारण पाठांतर करण्याची सवय त्यामुळेच सुटते. मोबाइलवर स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐकणे त्यांना मुळीच आवडले नाही, म्हणून तो उपाय आम्ही सोडून दिला.

परिचारिकांची नोंदणी करणाऱ्या ब्रिटनच्या परिषदेला या परीक्षेत ९ पैकी बोलण्यात ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. त्यांना बोलण्यात ७ मिळाले, लेखनात ६ वर अडले. दोन परीक्षांचे गुण अटींसह एकत्र धरण्याची सोय असल्याने त्या पुन्हा बसणार आहेत, आणि लेखनाची तयारी वेगळी असल्यामुळे त्यासाठी मी त्यांना दुसऱ्या शिक्षिकेकडे पाठवले आहे.