वाचकांचे प्रश्न : नव्या लॅपटॉपची डिस्क गेली कुठे?

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. गावच्या जत्रेत होणाऱ्या नाटकांच्या संहिता टाईप करून द्यायचं काम गेली बारा वर्षं माझ्याकडे आहे. घरचा जुना संगणक विंडोज १० वर होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा आधार संपला, तेव्हा पुण्याच्या भाच्याने त्यावर उबुंटू ही लिनक्सची प्रणाली घालून दिली. मला ती आवडली. आता नवा लॅपटॉप घेतलाय : इंटेलचा प्रोसेसर, ५१२ जीबीची डिस्क, विंडोज ११ होम. जुन्या संहिता श्रीलिपीत, म्हणजे विंडोजवरच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, म्हणून विंडोज ठेवायचं आणि शेजारी उबुंटू घालायचं असं ठरवलं. भाचा फोनवरून सांगत होता. पेनड्राइव्हवरून उबुंटू २४.०४ छान सुरू झालं, वायफायही लागलं. पण इन्स्टॉल करताना डिस्क निवडायच्या पानावर माझ्या डिस्कचा पत्ताच नाही! भाच्याच्या सांगण्यावरून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या सेटिंगमध्ये, ‘व्हीएमडी’ नावाचं काहीतरी बंद केलं, तर विंडोज सुरू व्हायच्या ऐवजी निळ्या पानावर ४८ आकडी किल्ली मागायला लागलं. घाबरून होतं तसं केलं, तेव्हा विंडोज परत आलं. दुकानदार म्हणतो, घालायचंच असेल तर सगळं फॉरमॅट करावं लागेल आणि वॉरंटीही जाईल. लॅपटॉप बिघडलाय का? पुढे काय करू?

उत्तर : बाई, लॅपटॉप बिघडलेला नाही आणि तुम्हीही काही बिघडवलेलं नाही. किल्ली मागितल्यावर पुढे काही न दाबता सेटिंग होतं तसं केलंत, हे उत्तम केलंत. फॉरमॅटचा सल्ला मात्र अजिबात मानू नका. तुमच्या अडचणीशी त्याचा संबंधच नाही. डिस्क पुसली तरी इन्स्टॉलरला ती दिसणार नव्हतीच. वॉरंटीचं म्हणाल, तर शेजारी दुसरी प्रणाली घातली म्हणून कुणाच्या हार्डवेअरची वॉरंटी नाकारली गेल्याचं मी फोंड्यात इतकी वर्षं दुरुस्तीचं काम करताना पाहिलेलं नाही. विंडोजचा रिकव्हरीचा भाग तेवढा पुसू नका, म्हणजे दुरुस्तीला देताना प्रश्न येत नाही.

आता डिस्क का दिसली नाही ते सांगतो. देवस्थानचे दागिने तिजोरीत असतात आणि तिजोरी मुखत्यारांच्या ताब्यात. ज्याची मुखत्यारांशी ओळख नाही, त्याला तिजोरी कुठल्या खोलीत आहे हेही कुणी सांगणार नाही. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपवर कंपन्या व्हीएमडी ही सोय चालू ठेवूनच यंत्र विकतात. ती प्रोसेसरच्या आतच असते आणि एनव्हीएमई डिस्क (हल्लीच्या लॅपटॉपमधली वेगवान डिस्क) स्वतःच्या ताब्यात घेते. अनेक डिस्क एकत्र जोडायच्या असतील तर तिचा उपयोग. तुमच्या-माझ्यासारख्या एका डिस्कवाल्याला तिच्यावाचून काही अडत नाही. कंपनीने भरलेल्या विंडोजमध्ये व्हीएमडीशी बोलणारा ड्रायव्हर असतो. लिनक्समध्येही असतो, पण प्रत्येक यंत्रावर त्याचं जमतंच असं नाही. तुमच्या यंत्रावर जमलं नाही, इतकंच झालंय.

म्हणजे भाच्याने सांगितलं ते बरोबरच होतं. फक्त त्याच्या आधी करायच्या दोन गोष्टी राहिल्या.

पहिली गोष्ट ती किल्ली. हल्लीच्या नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने पहिल्यांदा लॉगिन केलं की डिस्क बहुतेक वेळा आपोआप कुलूपबंद होते. होम आवृत्तीत याला ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात, आतून ते बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप घालणारं साधनच. कुलपाची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपमध्ये राहते. बायोसमध्ये महत्त्वाचा बदल दिसला की टीपीएम किल्ली सोडत नाही आणि तुम्हाला दिसलं ते निळं पान येतं. विंडोज शहाणपणाने वागलं, चोर समजून अडवलं.

या किल्लीबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण तिच्यापायी आमच्या घरात एक गोष्ट कायमची गेली. माझी मावसबहीण वाळपईला असते. गेल्या वर्षी मे अखेरीच्या पावसात वीज कोसळली आणि चार्जिंगला लावलेल्या तिच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड जळला. डिस्क धड होती. बोर्ड बदलून आला, मी सुरू केला, आणि समोर तेच निळं पान. बोर्ड नवा, टीपीएम नवा, त्याच्याकडे किल्ली कुठून असणार? ती खात्यात सापडेल म्हणून खातं उघडायला गेलो, तेव्हा कळलं की लॅपटॉप घेतला त्या दुकानात एका मुलाने ‘ताई, मी करून देतो’ म्हणत स्वतःच एक नवा ईमेल पत्ता बनवला होता. पासवर्ड त्याच्या डोक्यात, मोबाईल नंबर त्याचा. तो मुलगा कधीच नोकरी सोडून गेला होता आणि नंबर बंद. त्या डिस्कवर मावशीच्या शेवटच्या चवथीचे फोटो होते. ती खुर्चीत बसून बोटाने दाखवतेय आणि मुलं गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला नारळ, सुपारीचे घड, कांगलां बांधतायत. त्या वर्षीचे दुसरे फोटो कुणाकडेच नाहीत. डिस्क माझ्या टेबलाच्या खणात आहे. एकही बिट खराब नाही, आणि ती उघडत नाही.

म्हणून, बाई, आज संध्याकाळी बाकी काही करू नका, फक्त हे करा. फोनवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा. आधी पाहा, खातं खरंच तुमचं आहे ना, नंबर तुमचा आहे ना. तिथे डिव्हाइसेसच्या यादीत तुमचा लॅपटॉप असेल आणि त्याच्याखाली रिकव्हरी की. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. कागदावर लिहून घ्या आणि दुसऱ्या कुणाला मोठ्याने वाचायला लावून ताडून पाहा. शेजारी किल्लीची ओळखखूण असते, तिची पहिली आठ अक्षरंही लिहा, म्हणजे निळ्या पानावरच्या खुणेशी जुळवता येतील. हा कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. खातं तुमचं नसेल, तर आज विंडोज उघडतंय तोवरच स्वतःचं खातं जोडा आणि एन्क्रिप्शन बंद करून टाका. संहितांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायला सांगायला नकोच, जत्रा तोंडावर आहे.

किल्ली हातात आली की सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा. नुसतं थांबवून चालत नाही, पूर्ण बंद. कुलूपबंद भागातून उबुंटूचा इन्स्टॉलर जागा काढून घेऊ शकत नाही. डिस्क किती भरली आहे त्यावर वेळ लागतो. चार्जर लावून ठेवा आणि काम पुरं होईपर्यंत लॅपटॉप मिटू नका. त्याच बैठकीत कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असलं की विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि मग उबुंटूतून त्याच्या फाइलींना हात लावणं धोक्याचं. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन सी ड्राइव्ह आकसवून शंभर जीबी रिकामे सोडा. तुमच्या कामाला ते भरपूर.

दुसरी राहिलेली गोष्ट सेफ मोडची, म्हणजे अगदी गरजेपुरतंच उठणाऱ्या विंडोजची. समजा त्या दिवशी तुम्ही किल्ली घातली असती, तरीही विंडोज बहुधा ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणत अडलं असतं. साध्या एनव्हीएमईचा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतो, पण आजवर लागलाच नाही म्हणून सुरुवातीलाच उठायच्या यादीत तो नसतो. एकदा सेफ मोडमध्ये उठवलं की विंडोज तो शोधून कायमचा कामाला लावतं. तेव्हा स्टार्टमध्ये ‘एमएसकॉन्फिग’ शोधून उघडा, बूट या पानावर ‘सेफ बूट’ला खूण करा. तो लगेच रीस्टार्ट करू का विचारेल, तिथे नको म्हणा. मग शिफ्ट दाबून धरून स्टार्टमधलं रीस्टार्ट निवडा. निळ्या पानांतून ‘ट्रबलशूट’, ‘अॅडव्हान्स्ड’ करत ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ला पोचलात की थेट बायोसमध्ये जाल, एफ२ की एफ१० ही कसरत वाचते. व्हीएमडी कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. बाकीच्या वाचकांसाठी सांगतो : काही यंत्रांत हेच सेटिंग ‘साटा मोड’ म्हणून असतं, तिथे ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’च्या जागी ‘एएचसीआय’ निवडायचं. एसरच्या अनेक लॅपटॉपमध्ये तर बायोसच्या ‘मेन’ पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्याशिवाय हा पर्याय दिसतच नाही.

बंद करून सेव्ह केलंत की विंडोज सेफ मोडमध्ये येईल. तिथे चार आकडी पिन चालेलच असं नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड विचारू शकतं. तो आधीच आठवून ठेवा, कारण इंटरनेट तिथे नसतं. आत गेल्यावर एमएसकॉन्फिगमधली खूण काढा आणि रीस्टार्ट करा. विंडोज नेहमीसारखं आलं की अवघड भाग संपला. एक दिवस तसंच वापरून पाहा, श्रीलिपी उघडा, प्रिंट काढा. मगच पेनड्राइव्हला हात लावा.

पुढचं सोपं आहे. आता डिस्क दिसेल. ‘विंडोजच्या शेजारी’ अशा अर्थाचा पर्याय निवडा. ‘इरेज डिस्क’ त्याच यादीत असतो, तो घाईत दाबलेली माणसं माझ्याकडे रडत आली आहेत. बायोसमधलं सिक्युअर बूट (अनोळखी प्रणालीला सुरू होऊ न देणारी सोय) बंद करायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, उबुंटू त्याच्यासकट चालतं.

फक्त एक पान लक्षात ठेवा. इन्स्टॉल करताना बाहेरचे ड्रायव्हर घ्यायला हो म्हटलंत तर तो एक पासवर्ड ठरवायला सांगू शकतो. मग पहिल्या रीस्टार्टला एक निळं पान येतं आणि जेमतेम दहा सेकंद थांबतं. ही बिटलॉकरची निळाई नव्हे. इथे कुठलीही कळ दाबून ‘एनरोल एमओके’ निवडायचं आणि तो पासवर्ड द्यायचा. ते पान निसटलं तर एनव्हिडियाचं ग्राफिक्स किंवा काहींचं वायफाय चालत नाही, आणि माणूस इन्स्टॉलेशन फसलं असं समजतो. माझ्याकडे ‘फसलेले’ म्हणून आलेले कितीतरी लॅपटॉप त्या दहा सेकंदांत चहा ठेवायला गेलेल्यांचे होते.

संहितांबद्दल. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखा दिसणाऱ्या प्रमाण रूपातला नसतो, उबुंटूत तो नुसती चिन्हं दिसेल. जुनी नाटकं विंडोजमध्येच उघडा, सवडीने एकेक युनिकोडमध्ये बदलून घ्या. नवीन मात्र उबुंटूत युनिकोडमध्येच टाईप करा : कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसार, दोन्ही मांडण्या मिळतात. प्रॉम्प्टरची प्रत मोठ्या अक्षरात हवी असते. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी अठरा पॉइंटला घ्या, विंगेतल्या अंधुक दिव्यातही जोडाक्षरं फुटलेली दिसत नाहीत.

अडलात तर बायोसच्या पानाचा फोटो काढून पाठवा, लॅपटॉप फोंड्याला आणायची गरज नाही.

प्रश्न : मी पेडण्याचा, फर्मागुढीला इंजिनिअरिंग शिकतो. लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलो की घड्याळ साडेपाच तास मागे असतं, आणि ऑनलाइन चाचणीचं पान त्यामुळे उघडत नाही. बॅटरी गेली का?

उत्तर : नाही रे बाबा, बॅटरी गेली असती तर घड्याळ दर वेळी बरोब्बर साडेपाच तास कशाला चुकलं असतं? मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहून ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजून वाचतं. आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून विंडोज तेवढंच मागे पडतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ आज्ञेपुढे ‘सेट-लोकल-आरटीसी १’ असं देऊन त्यालाही स्थानिक वेळच लिहायला सांग. असं करू नये असा इशारा तिथे येईल. तो मुख्यतः ज्या देशांत उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळं पुढेमागे करतात त्यांच्यासाठी आहे, आपल्याकडे ती भानगड नाही. मग विंडोजमध्ये येऊन तारीख-वेळेच्या सेटिंगमधलं ‘सिंक नाऊ’ एकदा दाब. हे चाचणीच्या आदल्या रात्री कर, सकाळी नको.