‘नैसर्गिक वणवा’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: ‘अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या आगींवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात “नैसर्गिक वणवा” असं लिहिलं, तर द्विरुक्ती होते का? वणवा नैसर्गिकच असतो ना? आणि लेखातला मुख्य प्रश्न मी “असे वणवे जळू द्यावेत का?” असा लिहिला, तर संपादकांना तो खटकला. काय करावं?’

संपादकांचा कान बरोबर आहे. मराठीत रान जळतं, गवत जळतं, घर जळतं. वणवा पेटतो, भडकतो, डोंगर चढतो, धुमसतो, विझतो. जळणारं आणि जाळणारं यांची क्रियापदं आपण सहसा वेगळी ठेवतो. दिवा जळतो म्हणतो खरे, पण दिव्यात वात आणि तेल धरलेलंच असतं. वणव्याचं जळण म्हणजे रान, आणि त्याचं नाव आपण वेगळं घेतो. ‘वणवे पेटू द्यावेत का’ हेही चालणार नाही. ‘पेटू देणे’ सुरुवातीबद्दल बोलतं, आणि तुमच्या लेखातली आग तर आधीच लागलेली आहे. ‘पेटते राहू द्यावेत का’ किंवा ‘न विझवता आपोआप विझू द्यावेत का’ हे सरळ मराठी झालं.

आता द्विरुक्तीचं. वणवा हा शब्द वन आणि दव यांच्यापासून आला. प्राकृतात वणदव असं रूप आहे. हा दव म्हणजे पहाटे गवतावर पडणारं दव नव्हे. ते जुन्या लेखनात ‘दंव’ असं अनुस्वार देऊन लिहीत. संस्कृतातल्या दव आणि दाव या दोन्ही शब्दांना अमरकोशात वन आणि वनातली आग असे दोन्ही अर्थ दिले आहेत. दावानलातला दाव तोच. गुजरातीत रानातल्या आगीला अजूनही दव म्हणतात. या सगळ्या कुळाला आग कुठली आहे एवढंच ठाऊक आहे. ती कशाने लागली, कुणी लावली, याबद्दल शब्द काहीच बोलत नाही. म्हणून ‘नैसर्गिक वणवा’ ही द्विरुक्ती मुळीच नाही, आणि तुमच्या लेखात ते विशेषण टाळता येणारही नाही.

कारण सांगायचं काम मराठीत क्रियापदाकडे आहे. वणवा लागला, वणवा लावला. फरक एका अक्षराचा. पण ‘लागला’ फार सोयीचं क्रियापद आहे. आपल्याकडे फाल्गुनापासून वैशाखापर्यंत रानं पेटतात, तेव्हा आभाळात सहसा वीज नसते. पावसाळ्यात गवत चांगलं फुटावं म्हणून, मोहाची फुलं वेचायला झाडाखालची जमीन साफ व्हावी म्हणून, शेताचा बांध जाळताना वारा सुटला म्हणून, पेटती विडी टाकली म्हणून, असे बहुतेक वणवे माणसाच्या हातून सुरू होतात. तरी बातमीत ‘डोंगराला वणवा लागला’ असंच छापून येतं, आणि कर्ता वाक्यातून गळून जातो. ज्याची आंब्या-काजूची बाग होरपळली, तो मात्र ‘कुणीतरी वणवा लावला’ असंच म्हणतो. जुन्या भाषेलाही हा भेद माहीत होता. जैन आगमांत, म्हणजे जैनांच्या धर्मग्रंथांत, श्रावकाला (गृहस्थ जैनाला) वर्ज्य ठरवलेल्या पंधरा व्यवसायांत ‘दवग्गिदावणया’ आहे, म्हणजे रानाला आग लावणं.

आग कुठून आली या प्रश्नाचं वजन मला सर्वांत जास्त जाणवतं ते महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात. धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वनातल्या आगीत जातात. युधिष्ठिर शोक करतो तो त्यांच्या मरणाचाच नाही, तर त्यांना ‘वृथाग्नी’ने गाठलं याचाही. वृथाग्नी म्हणजे मंत्रसंस्कार नसलेला, असाच कुठला तरी अग्नी. नारद त्याला सांगतात की तो वृथाग्नी नव्हता. राजाचाच यज्ञाग्नी याजक रानात सोडून गेले होते, तोच वाढत जाऊन वनभर पसरला. रान त्याच ज्वाळांनी जळालं, माणसं तीच गेली, पण आगीचं मूळ कळल्यावर युधिष्ठिराच्या लेखी त्या मृत्यूचा अर्थ बदलतो.

यलोस्टोनमध्ये तर सगळं धोरणच या प्रश्नावर उभं आहे. उद्यान स्थापन झालं १८७२मध्ये. १८८६मध्ये तिथे सैन्य आलं आणि तेव्हापासून आग दिसली की विझवायची, अशी रीत पडली. १९७२मध्ये ती बदलली. विजेने लागलेली आग दूरच्या रानात असेल आणि तिच्यापासून माणसांना वा इमारतींना धोका नसेल, तर तिच्यावर लक्ष ठेवायचं, पण ती विझवायची नाही. माणसाच्या हातून लागलेली मात्र विझवायची. यामागे त्या रानाचाच स्वभाव होता. तिथल्या लॉजपोल पाइन झाडांचे पुष्कळ शंकू राळेने घट्ट मिटलेले असतात. आगीच्या धगीने राळ वितळली की ते उघडतात आणि बी राखेत पडतं. अशा रानात विजेची आग ही पावसासारखीच तिथली आहे, आणि तिला तिच्या वाटेने जाऊ देणं मला योग्य वाटतं.

१९८८च्या कोरड्याठाक उन्हाळ्यात या धोरणाची कसोटी लागली. २१ जुलैला सगळ्याच आगी विझवायचा निर्णय झाला, तरी त्या आटोक्यात आल्या नाहीत. ११ सप्टेंबरला बर्फ पडलं तेव्हा त्यांचा जोर ओसरला. तोवर उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या कक्षेत आला होता. लोक संतापले: वणवे पेटते ठेवले म्हणून हे झालं. पण त्यातली सर्वांत मोठी, नॉर्थ फोर्क नावाची आग उद्यानाच्या हद्दीबाहेर लाकूड तोडणाऱ्याने टाकलेल्या सिगारेटने लागली होती, आणि पहिल्या दिवसापासून ती विझवायचे प्रयत्न चालू होते. ७ सप्टेंबरला ओल्ड फेथफुल या प्रसिद्ध गरम कारंज्यापर्यंत पोचलेली आग हीच. ‘लागलेली’ आणि ‘लावलेली’, ‘न विझवलेली’ आणि ‘विझवता न आलेली’ या सगळ्या आगी लोकांच्या बोलण्यात एकाच नावाखाली गेल्या. पुढे १९९२च्या आराखड्यात नियम अधिक कडक झाले, पण विजेच्या आगीला जागा राहिलीच.

म्हणून भाषांतरात ही नावं काटेकोर ठेवा. तुमच्या लेखाला ‘नैसर्गिक वणवा’पेक्षा ‘विजेने लागलेला वणवा’ जास्त शोभेल, कारण त्यात लावणाऱ्याचं नाव येतं. आपल्या मनातला वणवा वैशाखातला असतो; ‘वैशाख वणवा’ म्हणताना रानाचीही गरज पडत नाही, नुसतं ऊन पुरतं. तिकडचा वणवा मात्र आपल्या आषाढ-श्रावणात पेटतो. एकदा महिने सांगून टाकलेत तर वाचकाला ते रान आपल्या डोंगरापेक्षा वेगळं आहे हे आपोआप कळेल, आणि तिथली मुभा कुणी इथल्या काडीपेटीला लावणार नाही. वनखातं मुद्दाम जाळून काढतं त्या पट्ट्याला ‘जाळरेषा’ हा रुळलेला शब्द आहे, पण तो न विझवलेल्या वणव्यासाठी वापरू नका. ‘वणवा सोडून देणे’ही नको, कारण तिथे माणसं रात्रंदिवस त्या आगीवर नजर ठेवून असतात.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘राष्ट्रीय उद्यानात विजेने लागलेला वणवा विझवावा, की नजरेखाली ठेवून पेटता राहू द्यावा?’