जाइब कुठे लिहायचा, कुठे नाही

प्रिय,
तुझा इंग्रजी निबंध वाचला. जाइब (jibe) हा शब्द तीनदा आलाय आणि एकदाच बरोबर बसलाय, म्हणून एवढं लांबण लावतेय.

डिक्शनरीत टोमणा असा अर्थ मिळेल, तो बरोबरच आहे. पण टोमणा कुणावर मारला ते सांगताना मागे ॲट येतं आणि कशावरून मारला ते सांगताना अबाउट, म्हणजे जाइब ॲट हिम, जाइब अबाउट हिज एज. तू विथ लावलंयस. जाइब विथ म्हणजे जुळणं, मेळ बसणं, हा जास्त करून अमेरिकन वापर, त्यामुळे तुझ्या वाक्याचा अर्थ पार उलटा झालाय, टोमणा मारायच्या ऐवजी तो माणूस चक्क सहमत होतोय! स्पेलिंग जे नेही होतं आणि जी नेही, टोमण्यासाठी दोन्ही चालतात, जुळण्यासाठी मात्र जे च. (शिडाच्या बोटीचाही एक जाइब असतो, तो सोड.)

आता खरी गोष्ट. जाइब म्हटलं की बोलणाऱ्याच्या मनात थोडं तरी विष होतं हे तू ठरवून टाकतेस, म्हणूनच स्वतःच्या बोलण्याला सहसा कुणी जाइब म्हणत नाही, मी तर गंमत केली असंच म्हणतात. शेक्सपियरच्या हॅम्लेटमध्ये, म्हणजे साधारण 1600 च्या आसपास, हॅम्लेट योरिक विदूषकाची कवटी हातात घेऊन विचारतो की तुझे ते जाइब्स आता कुठे गेले, आणि तिथे शब्दात मायाच जास्त आहे. पण आजच्या वाचकाला ती माया ऐकू येत नाही. मित्रामित्रांतल्या चिडवाचिडवीला टीझिंग म्हण, हलक्या कोपरखळीला डिग, मुद्दाम डिवचून समोरच्याला भडकवायचं असेल तर टॉन्ट, आणि गर्दीने हुर्यो केली तर जीअर.

हेडलाइनवाल्यांचं ऐकू नकोस, त्यांना छोटा शब्द हवा असतो म्हणून ते कुठलीही टीका जाइब करून टाकतात. तुझ्या दुसऱ्या पॅरात विरोधी नेता बजेटमधले आकडे घेऊन एकेक मुद्दा मांडतोय आणि तू त्याला जाइब म्हणतेस, म्हणजे त्याचं म्हणणं न ऐकताच उडवून लावलंस की. तिथे साधं क्रिटिसाइज्ड लिही. मंत्र्याच्या कपड्यांवरून तो जे बोलला तो मात्र पक्का जाइब, तो राहू दे, फक्त तिथलं विथ काढ.