ठाण्याहून नागपूर एका घटकेवर

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त प्रश्न नकाशाचे निघाले. वर्धा जिल्ह्यातल्या शाळांत 31 वर्षं भूगोल शिकवल्यामुळे असे प्रश्न वाचले की माझा हात अजून खडू शोधतो.

प्रश्न : माझं माहेर ठाण्याचं, सासर नागपूरचं. संकष्टीला आई तिकडे चंद्रोदयाची वाट बघत असते तेव्हा आमच्याकडे नैवेद्य दाखवून पानं वाढलेली असतात. कॅलेंडरात गावोगावच्या वेळा वेगळ्या दिलेल्या असतात हे कळतं, पण दोन गावांतला फरकसुद्धा दर महिन्याला सारखा नसतो. तो का? (एक वाचक, नागपूर)

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे गिरकी घेते, म्हणून पूर्वेकडचं गाव चंद्रासमोर आधी येतं. गिरकी 360 अंशांची, लागतात 24 तास. म्हणजे रेखांशाच्या एका अंशाला 4 मिनिटं. ठाणं साधारण 73 अंश पूर्व रेखांशावर आहे आणि नागपूर 79 वर. सहा अंशांची झाली 24 मिनिटं. आता गंमत बघा, जुन्या हिशेबात अहोरात्राच्या 60 घटका, आणि एक घटका 24 मिनिटांची. तेव्हा ठाण्याहून नागपूर एका घटकेवर आहे. रेल्वेला मात्र अख्खी रात्र लागते.

हा झाला ढोबळ हिशेब. फरक कमीजास्त होतो तो अक्षांशामुळे. नागपूर ठाण्याच्या दोन अंश उत्तरेला आहे. चंद्र क्षितिजावर उत्तरेकडे सरकून उगवत असेल तर उत्तरेकडच्या गावाला तो आणखी चार-पाच मिनिटं आधी दिसतो. दक्षिणेकडे सरकून उगवत असेल तर तेवढाच उशिरा. म्हणून कार्तिक-मार्गशीर्षातल्या संकष्टीला तुमचा-आईचा फरक अर्ध्या तासाच्या घरात जातो आणि चैत्र-वैशाखात वीस मिनिटांपर्यंत उतरतो. जुनी कॅलेंडरं रद्दीत घातली नसतील तर ताडून बघा. सूर्याचंही हेच. 21 जूनला नागपूरचा सूर्योदय मुंबईच्या अर्धा तास आधी होतो, 21 डिसेंबरला जेमतेम वीस मिनिटं आधी.

मग घड्याळ सगळीकडे एकच कसं, असं तुम्ही पुढच्या पत्रात विचाराल, म्हणून आताच सांगते. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या 82 अंश 30 मिनिटं पूर्व रेखावृत्तावरची वेळ 1906 पासून भारताची प्रमाणवेळ ठरली. मुंबईने मात्र ती सहजासहजी मानली नाही. तिथली स्थानिक वेळ 39 मिनिटं मागे, आणि 'मुंबई टाइम' 1955 पर्यंत चालू राहिला. माझे मामेसासरे गिरगावात राहायचे. लग्नाचा मुहूर्त कळवायला कुणी आलं की घरातून पहिला प्रश्न जायचा, "मुंबई टाइम की स्टँडर्ड?" एकदा हे विचारायचं राहून गेलं आणि मंडळी अक्षता पडल्यावर पोचली, ही गोष्ट त्यांनी मला निदान दहा वेळा ऐकवली असेल.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. अक्षांश आडवे, रेखांश उभे, असं पाठ करतो आणि परीक्षेत नेमकं उलटं लिहून येतो. काय करावं? (एक पालक, परभणी)

आधी ते 'आडवे-उभे' त्याच्या डोक्यातून काढा. खोट तिथेच आहे. एक कलिंगड आणा (आमच्याकडे टरबूज म्हणतात). गडद पट्टेवालं बघून घ्या. हे पट्टे देठापाशी एकत्र येतात, पोटावर लांब लांब होतात आणि बुडाशी पुन्हा एकत्र येतात. ती रेखावृत्तं. मग कांदा घ्या, देठ वर धरून आडवा चिरा. मधली चकती सर्वांत मोठी, टोकाकडे लहान लहान होत गेलेल्या, आणि एकही दुसरीला चिकटत नाही. ती अक्षवृत्तं. मधली मोठी ते विषुववृत्त. एवढं मुलाने स्वतःच्या हाताने चिरलं की परीक्षेत चुकणार नाही. डोळ्यांत पाणी येईल ते वेगळं.

पट्टे जवळ येतात हे त्याच्याकडून बोट फिरवून घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. अक्षांशाचा एक अंश कुठेही साधारण 111 किलोमीटरचा. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढाच, मुंबईच्या आसपास 105 चा आणि ध्रुवावर शून्य.

आणि रात्री गच्चीवर न्या. उत्तरेला तोंड करून हात ताठ पुढे धरायचा, मूठ वळायची. ती मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते. क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी. परभणीचा अक्षांश 19 अंशांच्या थोडा वर आहे, म्हणून दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेलाच ध्रुवतारा सापडेल. ध्रुव क्षितिजापासून जितका वर, तितका आपला अक्षांश. मुलाला एवढंच विचारा, कन्याकुमारीला किती मुठी लागतील? (एकही पुरी नाही.)

प्रश्न : शेतातल्या विहिरीची जागा एक ॲप 20.5500 दाखवतं, दुसरं 20° 33' 00". खरं कुठलं? (एक शेतकरी, वर्धा जिल्हा)

दोन्ही खरी. एका अंशाची 60 मिनिटं, 100 नव्हेत. 0.55 ला 60 ने गुणा, 33 आले.

तुम्ही निदान विचारलंत. मी विचारलं नव्हतं. निवृत्तीनंतर आम्ही आठजणी पुणे जिल्ह्यात एक जुनी बारव बघायला निघालो. ओळखीच्या एकांनी फोनवर अक्षांश सांगितला, "अठरा पॉइंट पंचेचाळीस." मी वहीत ऐटीत 18 अंश 45 मिनिटं लिहिलं. खरी जागा होती 18 अंश 27 मिनिटांवर. आम्ही 33 किलोमीटर उत्तरेला एका वीटभट्टीवर पोचलो. भट्टीवरच्या बाईंनी चहा पाजला, आणि भूगोलाच्या बाई कोण ते मैत्रिणींनी त्यांना आवर्जून सांगितलं.

आणखी एक, आकड्यांचा क्रम सांभाळा. आधी अक्षांश, मग रेखांश. पुण्याचे 18.52 आणि 73.86 उलटे टाकलेत तर नॉर्वेच्या उत्तरेला थंड समुद्रात पडाल.

प्रश्न : भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेएवढं का दिसतं? (एक विद्यार्थी, मिरज)

तो नकाशा मर्केटर नावाच्या नकाशाकाराच्या पद्धतीचा असणार. त्याने 1569 मध्ये खलाशांसाठी दिशा सरळ रेषेत राहतील असा नकाशा केला. त्यासाठी ध्रुवाकडे जवळ येणारे कलिंगडाचे पट्टे ओढून समांतर करावे लागले, आणि टोकाकडचे देश ताणले गेले. आफ्रिका खरं तर ग्रीनलँडच्या जवळजवळ चौदापट आहे. घरात पृथ्वीगोल असेल तर तो फिरवा, नकाशावर चिडू नका.

प्रश्न : हिंगणघाटला एका इंग्रज सर्वेक्षकाची कबर आहे असं ऐकलं. तो इथे कसा? (एक वाचक, यवतमाळ)

विल्यम लॅम्बटन. 1802 मध्ये त्याने मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ जमिनीवर सुमारे 12 किलोमीटरची एक रेषा मोजली. तीच पायाभूत धरून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत, साधारण 78 अंश रेखांशाच्या कडेकडेने तो वर सरकत राहिला. भारताचा नेमका नकाशा त्यातून झाला. नागपूरकडे येताना जानेवारी 1823 मध्ये तो हिंगणघाटला वारला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. त्याचं नाव सगळ्यांना पाठ, कारण ते शिखराला मिळालं. लॅम्बटनचं कुणाला माहीत नसतं आणि याचा मला राग येतो.

त्याची साखळी 100 फुटी, पोलादी. उन्हाने पोलाद वाढतं म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवून, वर तंबूंची सावली धरून, शेजारी तापमापक लावून मोजणी चालायची. हे वर्गात सांगितलं तर पोरं हसली. साखळी कुठे वाढते का, बाई? म्हणून एका पावसाळ्यात 100 फुटांची सुताची दोरी घेऊन त्यांना शाळेचं मैदान मोजायला लावलं. सकाळी मोजलं, दुपारी पावसाची सर येऊन गेल्यावर त्याच, भिजून आखडलेल्या दोरीने पुन्हा मोजलं. मैदान दीड फुटाने वाढलं होतं.