अवे मॅचचं तिकीट: सुरुवात कुठून करायची

इंग्लंडला नवीन गेला आहेस आणि आपल्या फुटबॉल क्लबबरोबर बाहेरगावच्या मॅचला जायचंय, वाचून फार आनंद झाला. जमेल, पण आधी तिकिटं किती कमी असतात ते समजून घे. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगमध्ये, पाहुण्या क्लबला ३,००० तिकिटांचा हक्क असतो, मैदान लहान असेल तर क्षमतेच्या १० टक्के. बोर्नमथ क्लबचं मैदान जेमतेम ११ हजारांचं, हिशेब तूच कर. त्यात २०१६ पासून किंमत ३० पौंडांच्या वर जात नाही, त्यामुळे झुंबड ठरलेली. म्हणून बहुतेक क्लब आधी जुन्या, भरपूर अवे मॅच केलेल्या सीझन तिकीटवाल्यांना (घरच्या मॅचेसचं हंगामभराचं तिकीट असलेल्यांना) देतात.

आत्ता एवढंच कर:

- मेंबरशिप घे आणि क्लबचे पॉइंट्सचे (मॅचला गेल्याबद्दल चाहत्याच्या नावावर जमणाऱ्या गुणांचे) नियम नीट वाच. प्रत्येकाचे वेगळे असतात.
- मोठ्या लढतींचा नाद सध्या सोड. आठवड्याच्या मधली, लांबच्या गावची मॅच धर. कमी पॉइंट्सवाल्यांचा नंबर तिथेच लागतो.

नवखे हमखास चुकतात ते दलालाकडे जाऊन. परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट विकणं तिथे गुन्हा आहे. यजमानांच्या स्टँडमध्ये आपली जर्सी घालून बसलास तर बाहेर काढतील.

युरोपातल्या मॅचेसचं नंतर बघू.