अंगणातला सेन्सरचा दिवा: बल्ब बदलण्याआधी तारा मोजा

२०१५ साली सरकारची एलईडी बल्ब वाटणारी ‘उजाला’ योजना आली आणि स्वयंपाकघरापासून सोप्यापर्यंत एलईडी पोचला. दारातला आणि परड्यातला सेन्सरचा हॅलोजन मात्र पुष्कळ घरांत तसाच राहिला, कारण तो रात्रभर जळत नाही, माणूस आला की पेटतो. आता जुनी नळी उडाली की लोक तिथंही एलईडी बसवतात आणि नवीनच तक्रारी सुरू होतात. या महिन्याची पत्रं त्याचीच आहेत.

प्रश्न: दादा, आमच्या दारात सेन्सरवर चालणारा १५० वॅटचा हॅलोजन होता. नळी उडाली म्हणून वायरमनने त्या जागी २० वॅटचा एलईडी फोकस लावला, सेन्सर जुनाच ठेवला. आता दारात कुणी नसलं तरी फोकस रात्रभर भकभकतो. दुकानदाराने फोकस बदलून दिला, तरी तेच. सासूबाई पुढच्या खोलीत झोपतात, त्यांच्या डोळ्यावर उजेड येतो. खराब माल पदरात पडलाय का?
– एक गृहिणी, कसबा बावडा

उत्तर: ताई, फोकस चांगला आहे. दोन वेगवेगळे फोकस एकाच तऱ्हेने भकभकतात, म्हणजे दोष त्यांच्यात नाही, मागच्या सेन्सरमध्ये आहे. वायरमनला सेन्सरचं झाकण उघडायला सांगा आणि त्याला किती तारा जोडल्यात ते बघा. माझ्या अंदाजाने दोनच असतील.

दोन तारांच्या सेन्सरमध्ये फेज आत येते आणि दिव्याकडे बाहेर पडते, बस्स. न्यूट्रल त्याला दिलेलीच नसते. पण सेन्सर चोवीस तास जागा असतो आणि त्यालाही चालायला थोडी वीज लागते. ती तो दिव्यातूनच ओढतो. दिवा ‘बंद’ असतानासुद्धा बारीकसा करंट दिव्यातून न्यूट्रलला जात राहतो. हॅलोजनच्या आतल्या तारेला त्याचं काही वाटत नाही, ती लालसुद्धा होत नाही. एलईडीचं तसं नाही. त्याच्या आत ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज पुरवणारं सर्किट असतं, आणि ड्रायव्हरमध्ये कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग. हा चोरटा करंट त्या कपॅसिटरमध्ये साठत जातो. पुरेसा साठला की ड्रायव्हर जागा होतो, फोकस भक्कन पेटतो, साठा संपला की विझतो आणि पुन्हा साठायला सुरुवात होते. तुमच्या सासूबाईंना रात्रभर दिसतं ते हे.

अशा सेन्सरवर बारीक अक्षरात कमीत कमी लोड छापलेला असतो, कुठं ४० वॅट, कुठं ६०. १५० वॅटच्या हॅलोजनला ती अट सहज पुरी होत होती, २० वॅटच्या फोकसला होत नाही. ते अक्षर वाचायचं राहून जातं आणि मग फोकसमागून फोकस बदलले जातात.

उपाय सरळ आहे: तीन तारांचा, रिलेवाला (आत विजेवर चालणारा खटका असलेला) सेन्सर घ्या. त्याला स्वतःची फेज आणि स्वतःची न्यूट्रल मिळते, दिव्याकडे जाणारी तार वेगळी. बहुतेक ठिकाणी तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि लाल दिव्याकडची असते, पण पाकिटावरचं चित्र बघूनच जोडावं. रिलेवाला ओळखायचा कसा, तर पेटताना आतून ‘टक्’ असा आवाज येतो. नवी तार ओढायला लागेल म्हणून घाबरू नका. तुमचा सेन्सर दिव्याच्या फिटिंगलाच लागून असेल, तर दिव्यासाठी आलेली न्यूट्रल तिथंच हाताशी आहे. सेन्सर लांब, चौकटीवर वगैरे असेल, तरच एक तार ओढायला लागते.

सेन्सर बदलायचाच नसेल तर दुसरा मार्ग आहे. १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-टू दर्जाचा (थेट घरच्या विजेवर लावता येणारा) कपॅसिटर एकामागे एक जोडून ते फोकसच्या फेज-न्यूट्रलवर समांतर लावायचे. चोरटा करंट मग त्या वाटेने जातो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ही जोडी एका तुकड्यात तयारही मिळते. फॅनचा कपॅसिटर मात्र कुणाला तिथं लावू देऊ नका. तो कितीतरी पट मोठा असतो आणि सेन्सर घेऊन जातो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. दोन तारांच्या सेन्सरची बाहेर जाणारी तार दिवा विझलेला असतानाही जिवंत असते. फोकस काढून त्या तारेला टेस्टर लावला तर तो पेटतो. दिवा बंद दिसतोय म्हणून शिडीवर चढून उघड्या तारांना हात घालू नये. एमसीबी (बोर्डावरचा मेन खटका) पाडायचा, टेस्टरने खात्री करायची, मगच हात.

प्रश्न: गोठ्यापुढं ५०० वॅटचा हॅलोजन आहे, पहाटे धारेच्या वेळी जाऊ तसा सेन्सरवर पेटतो. त्याच फिटिंगमध्ये बसणारी एलईडीची नळी मिळते असं ऐकलं. ती घालावी का?
– एक शेतकरी, कागल तालुका

उत्तर: दादा, मिळते, पण घालू नका.

दोन टोकांना खटका असलेल्या या नळ्या मापाने येतात. १५० वॅटची ७८ मिलिमीटर आणि तुमची ११८ मिलिमीटर. एलईडीची नळी लांबीला तेवढीच करतात, पण जाडीला ती खूप मोठी असते. फिटिंगच्या मागच्या चकचकीत पत्र्याला टेकते, पुढची काच नीट बसत नाही, आणि काच बसली नाही की पहिल्या पावसात पाणी आत. बसलीच, तर दुसरी अडचण. हॅलोजनला गरमी हवीच असते, त्याची काच २५० अंशांच्या वर तापली तरच आतली क्रिया नीट चालते. एलईडीला गरमी मारते. बंद डबीत कोंडलेला ड्रायव्हर फार टिकत नाही.

आणि जुनं फिटिंग उघडून बघाच. इतकी वर्षं तापलेल्या होल्डरची स्प्रिंग ढिली पडलेली असते, टोकं काळी झालेली असतात, आणि आतल्या वायरचं इन्सुलेशन बोटात धरलं की पापडासारखं मोडतं. त्या तारांवर नवीन काही जोडायचंच नाही. अख्खं फिटिंग काढा, अलीकडची चांगली वायर शोधा आणि तिथून एलईडीचा अख्खा फोकस जोडा. पत्र्याच्या बॉडीला अर्थिंग द्याच, गोठ्यात ओल असते आणि जनावराला शॉकचा झटका माणसाहून लवकर भोवतो.

वॅट किती घ्यावेत? ५०० वॅटचा हॅलोजन साधारण साडेनऊ हजार ल्युमेन (उजेडाचं माप) देतो. चांगला एलईडी वॅटला १०० ल्युमेन देतो, म्हणजे हिशेबाने १०० वॅटचा फोकस लागेल. पण धार काढायला एवढा उजेड कशाला? ५० वॅटचा पुरे, आणि तो थोडा खाली कललेला असला की म्हशींच्या डोळ्यावर येत नाही.

तुमच्या बाबतीत मला बिलापेक्षा वैरणीची जास्त काळजी वाटते. कडब्याची गंजी किंवा पिंजर हॅलोजनच्या जवळ असते, उन्हाळ्यात ती वाळून कोळ झालेली असते, आणि सेन्सर दिवा कधी पेटवेल ते आपल्या हातात नसतं. मांजर गेलं तरी पेटतो. एवढ्या एका कारणासाठी गोठ्यातला हॅलोजन काढावा असं मी म्हणेन.

वळवाच्या दिवसांत वीज कडाडली की लायनीवर झटका येतो आणि फोकसचा ड्रायव्हर जातो. पाकिटावर सर्ज प्रोटेक्शन किलोव्होल्टमध्ये लिहिलेलं असतं. गावाकडच्या लायनीला ४ किलोव्होल्ट किंवा जास्तीचं घ्या, थोडे पैसे वाढले तरी.

प्रश्न: तीन तारांचाच सेन्सर आहे, तरी फोकस विझला की दोन सेकंदांत परत पेटतो. रात्रभर हाच खेळ चालतो.
– निवृत्त शिक्षक, राजारामपुरी

उत्तर: गुरुजी, आधी एक परीक्षा घ्या. सेन्सरच्या पांढरट भिंगावर जाड पुठ्ठा चिकटवा आणि अर्धा तास बघा. पुठ्ठा असूनही फोकस पेटत राहिला, तर सेन्सर काही बघत नाहीये, त्याला विजेचा धक्का बसतोय. रिले सुटताना एलईडीचा ड्रायव्हर लायनीवर छोटा झटका सोडतो आणि सेन्सर त्यालाच माणूस समजतो. मग वर सांगितलेली रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी फोकसवर लावा, किंवा सेन्सर फोकसपासून दोन-तीन फूट लांब घ्या.

पुठ्ठा लावल्यावर खेळ थांबला, तर त्याला खरंच काहीतरी दिसतंय. हा सेन्सर उजेड बघत नाही, उष्णता बघतो, आणि तीही हलती. समोर एसीचं बाहेरचं युनिट आहे का? नुकतीच लावलेली गाडी आहे का, जिचं बॉनेट अजून गरम आहे? की दिवसभर तापलेल्या भिंतीपुढं एखादी फांदी हलतेय? सेन्सरचं तोंड थोडं खाली किंवा बाजूला वळवलं की बहुतेक वेळा काम होतं.

याच कारणाने एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी उलटी तक्रार येते, की माणूस समोर येऊन उभा राहिला तरी दिवा लागत नाही. तापलेली भिंत आणि माणसाचं अंग यांच्यातला फरक तेव्हा कमी असतो. शिवाय सेन्सरकडे सरळ चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो, आडवा जाणारा लगेच कळतो. म्हणून फाटकाच्या अगदी समोर न लावता, वाटेच्या कडेला, सात-आठ फूट उंचीवर लावावा.

फोकस दिवसाढवळ्यासुद्धा विझतच नसेल, तर मात्र गोष्ट वेगळी. पेटण्याच्या क्षणी एलईडीचा रिकामा कपॅसिटर मोठा करंट खेचतो, त्याने रिलेचे पॉइंट चिकटतात. सेन्सरवर हलकी टिचकी मारल्यावर दिवा विझला, तर तेच झालंय, सेन्सर बदला. नवीन घेताना पाकिटावर दोन आकडे बघा: साध्या बल्बसाठी १२०० वॅट लिहिलेलं असतं, एलईडीसाठी ३०० किंवा त्याहून कमी. आपल्याला दुसरा आकडा लागू. एका सेन्सरवर चार-पाच फोकस टांगायचे असतील, तर मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त लोड पेलणारा मोठा रिले घाला.

प्रश्न: एलईडी लावल्याने बिलात किती फरक पडेल?
– एक वाचक, फुलेवाडी

उत्तर: सेन्सर नीट चालत असेल तर फारसा नाही, आणि दुकानात कुणी वेगळं सांगितलं तर विश्वास ठेवू नका. १५० वॅटचा हॅलोजन रात्रीत सगळा मिळून अर्धा तास पेटला, तर महिन्याला सव्वादोन युनिट. २० वॅटच्या एलईडीला पाव युनिटच्या आसपास. म्हणजे वाचले दोन युनिट. तोच हॅलोजन सेन्सर बिघडून संध्याकाळी सातपासून पहाटे सहापर्यंत जळत राहिला, तर मात्र महिन्याला पन्नासच्या आसपास युनिट जातात. म्हणून पैसे घालायचे तर आधी चांगल्या सेन्सरवर घाला.

सीएफएल घरात पडून आहे म्हणून ती या दिव्यात घालू नका. वारंवार पेटवल्या-विझवल्याने ती लवकर जाते आणि पूर्ण उजेड यायलाही वेळ घेते.

प्रश्न: पांढरा एलईडी लावल्यापासून दारात पाखरं फार येतात. दुसरं म्हणजे, लाइट जाऊन आली की कुणी नसताना फोकस पेटतो.
– एक वाचक, रंकाळा परिसर

उत्तर: निळसर पांढऱ्या उजेडावर पाखरं जास्त येतात. ३००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, पाकिटावर छापलेलं असतं) किंवा त्याखालचा पिवळसर फोकस घ्या, कमी होतील. पाखरांमागून पाल येते, पाल सेन्सरच्या भिंगावर फिरते आणि दिवा आणखी पेटतो, त्यामुळे हा उपाय दुहेरी उपयोगी आहे. भिंग ओल्या फडक्याने पुसा. दिवाळीच्या रंगकामात उडालेले शिंतोडे काढायला थिनर वापरू नका, भिंग धुरकट होऊन कायमचं जातं.

लाइट आल्यावर पेटणं हा दोष नाही. वीज मिळाल्यावर सेन्सरला स्थिर व्हायला अर्धा ते एक मिनिट लागतं, तेवढा वेळ दिवा पेटून राहतो. पाच मिनिटांनंतरही विझला नाही, तर ‘टाइम’ची खुंटी कुणी पूर्ण फिरवून ठेवलीय का ते आधी बघा.