वाचकांचे प्रश्न : चावडीच्या भिंतीतील महायुद्धाची पाटी

प्रश्न : आमच्या गावच्या जुन्या चावडीच्या भिंतीत संगमरवराची एक लहान पाटी बसवलेली आहे. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर तिच्यावर कोरला आहे. आकडे चुन्याच्या थराखाली बुजले आहेत आणि नाव तर एकही नाही. ही पाटी कोणी बसवली, तिच्यावर नावे का नाहीत आणि महायुद्ध १९१८ साली संपले असताना १९१९ हे वर्ष का कोरले आहे?
– एक वाचक, ता. खेड, जि. रत्नागिरी

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी झाला तो शस्त्रसंधी होता. जर्मनीशी व्हर्सायचा तह २८ जून १९१९ रोजी झाला, त्यामुळे त्या काळच्या पुष्कळ स्मारकांवर १९१४–१९१९ असेच कोरलेले दिसते.

अशा पाट्या पहिल्या महायुद्धानंतर सरकारने बसवल्या आणि त्या कोकणापासून पंजाबपर्यंत व दक्षिणेत तमिळनाडूपर्यंत आजही आढळतात. मजकूर जवळजवळ सगळीकडे एकच असतो. बदलतात ते फक्त आकडे. त्या मजकुराची मांडणी नीट पाहावी. पहिली संख्या गेलेल्यांची आहे आणि मेलेल्यांची संख्या तिच्यानंतर, तिचा एक भाग म्हणून येते. गावाने किती माणसे दिली हे सरकारला प्रथम सांगायचे होते, असाच याचा अर्थ मी लावतो. ही पाटी दुखवट्याची कमी आणि भरतीच्या हिशेबाची अधिक आहे.

इंग्लंडमधील खेड्याचे स्मारक याच्या उलट रीतीने घडले. रणभूमीवर पडलेल्यांचे मृतदेह मायदेशी न आणता तिथेच पुरावेत, असे ब्रिटिश सरकारने ठरवले होते. घरच्यांना कबरीवर जाणे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून गावातच एखादी जागा हवी होती. गावकऱ्यांनी समिती नेमली, वर्गणी काढली आणि क्रूस उभारावा की त्याच पैशांत गावासाठी सभागृह बांधावे यावर ठिकठिकाणी वाद घातले. अखेर बहुतेक ठिकाणी चर्चच्या आवारात किंवा गावच्या मोकळ्या हिरवळीवर दगडी क्रूस उभा राहिला आणि त्याच्या चौथऱ्यावर गावच्या मृतांची नावे कोरली गेली. ती पुष्कळदा हुद्द्याचा क्रम न लावता वर्णानुक्रमे असतात, त्यामुळे जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्याच शेतावरचा मजूर एकाच यादीत वरखाली येतात. ज्याने पैसे दिले त्याचाच मुलगा गेला होता. मग नाव वगळण्याचा प्रश्नच नव्हता.

आपल्याकडे दगड सरकारचा होता आणि माणसे गावाची होती. परंतु नावे ठाऊकच नव्हती, असे म्हणता येत नाही. याच प्रांतात, पुणे जिल्ह्यातील कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा जो स्तंभ उभारला गेला, त्यावर ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत आणि लेख इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. त्या स्तंभाची पायाभरणी १८२१ सालची, म्हणजे आपल्या पाटीच्या जवळपास शंभर वर्षे आधीची आहे.

रत्नागिरी आणि सातारा या जिल्ह्यांतील पुष्कळ शिपाई मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढले. सहाव्या पूना डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी तिथल्या कुत-अल-अमारा या गावाला तुर्की सैन्याने घातलेल्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ रोजी सुरू झालेला तो वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला आणि त्यानंतर कैदेतही असंख्य शिपाई दगावले. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या आणि कबर ठाऊक नसलेल्या ४०,५०० हून अधिक लोकांसाठी १९२९ साली बसऱ्याला स्मारक झाले, परंतु तिथेही ब्रिटिशांची आणि हिंदी अंमलदारांची नावे लागली, तर साध्या हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या कोरली गेली. याउलट फ्रान्समधील नव्ह शापेल येथे, हर्बर्ट बेकर याने रचना केलेल्या आणि १९२७ साली खुल्या झालेल्या हिंदी स्मारकावर ४,७०० हून अधिक नावे आहेत. अशा कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा भेदभाव स्वतःच मान्य केला आहे. तेव्हा आपल्या चावडीवरची संख्या हा कोणा एका कारकुनाचा विसरभोळेपणा नव्हता, ती तेव्हाची रीतच होती.

प्रश्न : आमच्याही गावात अशीच पाटी आहे. ती काढून तिथे नावांसह नवे स्मारक उभारावे, असा ग्रामसभेत विषय निघाला आहे. रचना कशी असावी आणि नावे कोठे मिळतील?
– एक शिक्षिका, जि. सातारा

उत्तर : पाटी काढू नये, आणि तिच्याखालच्या मोकळ्या जागेत नावे कोरण्याचा मोहही टाळावा. ती त्या काळचा कागद आहे. त्यात खाडाखोड केली की पुरावा जातो. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ पॅचम येथे टेकडीवर संगमरवरी छत्री, म्हणजे खांबांवर घुमट असलेले स्मारक आहे. इंग्लंडमधील रुग्णालयांत मरण पावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना ज्या जागी अग्नी दिला, तिथेच १९२१ साली ती उभारली गेली आणि तिचा आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुविशारदाने केला होता. छत्रीवर नावे नव्हती. २०१० साली ती लावण्याचे ठरले तेव्हा छत्रीला हात न लावता, शेजारी स्वतंत्र दगडी भिंत उभारून तिच्यावर ५३ नावे कोरण्यात आली. आपल्या गावालाही हीच वाट सोयीची आहे.

नव्या दगडाचे रूप ठरवताना मात्र क्रूस, विजयकमान किंवा बंदूक-हेल्मेट यांच्या मागे जाण्याचे कारण नाही. आपल्याकडे वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव दगड आहे. खालच्या चौकटीत झुंज आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा, माथ्याला कलश आणि दोन्ही अंगांना चंद्रसूर्य, अशी त्याची ठरलेली मांडणी असते. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर तर चक्क गलबतांची लढाई कोरलेली आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर लेख नसतो, म्हणजे नाव तिथेही नाही. परंतु माणूस गाईंच्या रक्षणासाठी लढताना पडला की रणांगणात पडला, हे चित्रावरून कळते. पाटीवर तेवढेही नाही. उभा काळा पाषाण, माथ्याला चंद्रसूर्य आणि खाली नावे, एवढे पुरेसे आहे. देवादिकांची चौकट मात्र गाळावी, कारण मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानही होते आणि आपल्या यादीत कोणते नाव निघेल हे आज सांगता येत नाही. नावे अकारविल्हे लावावीत आणि खोल कोरावीत. ग्रॅनाइटवर रंगाने भरलेली उथळ अक्षरे उन्हापावसात लवकर पुसट होतात. आपल्याच जिल्ह्यातील मिलिटरी अपशिंगे या गावातील ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आल्याचे सांगितले जाते. तिथल्या मंडळींशी बोलून मग आराखडा करावा.

नावांसाठी कॉमनवेल्थ युद्धकबर आयोगाची यादी इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. बसऱ्याच्या दगडावर नसलेली पुष्कळ नावे आता त्या यादीत आहेत आणि अनेक हिंदी शिपायांच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हा दिलेला असतो. मात्र इंग्रज कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेल्या गावाच्या नावाची सगळी रूपे शोधून पाहावीत. तालुका आणि जिल्हा धरून शोधले तर काम अधिक सोपे होते. त्या यादीत केवळ मृत आहेत, परत आलेले नाहीत. त्यांच्यासाठी गावातील जुन्या घरांतील पदके पाहावी लागतील. पदकाच्या कडेवर पुष्कळदा शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते, आणि ती वाचायला भिंग लागते.

पाटीवरचा चुना काढताना तारेचा ब्रश, ॲसिड किंवा फरशी धुण्याची पावडर अजिबात वापरू नये. ॲसिडने चुन्याबरोबर संगमरवरही झिजतो. साधे पाणी, मऊ ब्रश आणि बांबूची चपटी काडी घेऊन थोडे थोडे काम करावे. चुना घट्ट बसला असेल तर तो तसाच ठेवावा आणि अंधार पडल्यावर बॅटरीचा झोत पाटीला अगदी कडेने, भिंतीला जवळजवळ समांतर धरून छायाचित्र काढावे. थर फार जाड नसेल तर कोरलेल्या आकड्यांची सावली पडते आणि ते वाचता येतात.